हिरड्यांना वाली कोण?

मधुमेह आणि हिरड्यांचे आजार यांचा संबंध विज्ञानाला अलीकडेच उमगला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. हाराल्ड ल्यो या नॉर्वेत जन्मलेल्या दंतसंशोधकाने १९९३ साली ‘डायबिटीस केअर’ या नियतकालिकात एक लेख लिहिला आणि हिरड्यांच्या आजाराला मधुमेहाच्या गुंतागुंतींत सहावे स्थान द्यावे असे सुचवले. डोळे, मूत्रपिंडे, मज्जातंतू, मोठ्या रक्तवाहिन्या आणि लवकर न भरणाऱ्या जखमा ही पाच नावे त्या यादीत आधीपासून होती. लेख गाजला आणि ‘सहावी गुंतागुंत’ हे शब्द पाठ्यपुस्तकांत जाऊन बसले. पण मागे वळून पाहिले तर हा संबंध पुन्हापुन्हा सापडलेला आणि पुन्हापुन्हा हातचा निसटलेला दिसतो. तो निसटला याचे मुख्य कारण पुराव्याची उणीव हे नव्हते, असे माझे म्हणणे आहे. वैद्यक आणि दंतवैद्यक हे दोन वेगळे व्यवसाय झाले. त्यांची शिक्षणे, कायदे, दवाखाने आणि नियतकालिकेही वेगळी झाली. हिरडीची गत मग दोन घरांमधल्या सामायिक भिंतीसारखी झाली. ओल दोन्हीकडे येते, पण डागडुजी कोणी करायची हे ठरलेले नसते. या दुराव्याचा इतिहास नीट पाहिला, तर रोजच्या दवाखान्यात आजही काय घडत नाही ते कळते.

सुरुवात आपल्याकडच्या ग्रंथांपासून करायला हवी, आणि ती जपून करायला हवी. सुश्रुतसंहितेत प्रमेहाची पूर्वरूपे, म्हणजे रोग प्रकट होण्याआधीची चिन्हे, दिली आहेत. तळहात-तळपायांची आग, तहान, अंगाचा चिकटपणा, गोडसर लघवी यांच्याबरोबर तिथे श्वासाची दुर्गंधी आणि टाळू, घसा, जीभ व दात यांवर मळ साचणे ही चिन्हेही आहेत. पुढे माधवनिदानातही दातांवर मळ वाढणे हे प्रमेहाचे आगाऊ लक्षण म्हणून येते. त्याच सुश्रुतसंहितेत मुखरोगांच्या अध्यायात दातांच्या मुळांशी होणारे पंधरा रोग सांगितले आहेत. त्यांतल्या दंतवेष्टात हिरडीतून पू आणि रक्त येते व दात हलू लागतात. आजच्या पायोरियाचे वर्णन याहून फार वेगळे करता येणार नाही. यावरून ‘आपल्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते’ असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. प्रमेह एका ठिकाणी आहे, दंतवेष्ट दुसऱ्या ठिकाणी आहे, आणि एकामुळे दुसरा होतो असे या वर्णनांत म्हटलेले नाही. जे म्हटले आहे ते मर्यादित आहे, तरीही मोलाचे आहे: ज्याला गोड लघवीचा रोग होऊ घातला आहे, त्याचे तोंड आधीच बिघडलेले दिसते. हे निरीक्षण शक्य झाले, कारण लघवी पाहणारा आणि तोंड उघडून पाहणारा वैद्य एकच होता. दातवण कसे असावे, बारा अंगुळे लांब आणि करंगळीएवढे जाड, कडू झाडांत कडुनिंब चांगला, तुरटांत खैर, हेही त्याच परंपरेने सांगितले. दात घासताना हिरड्यांना इजा होऊ देऊ नये अशी ताकीदसुद्धा दिली.

प्रत्यक्ष व्यवहारात मात्र दाताचे काम वैद्याच्या हातातून फार पूर्वीच सुटले होते. गावात दात उपटायचा तर न्हावी, वैदू किंवा आठवडी बाजारात बसणारा दात काढणारा. दुखणे शमवायचे तर लवंग, तुरटी, राखुंडी, आणि महाराष्ट्रात विशेष म्हणजे मशेरी. भाजलेल्या तंबाखूची ही पूड बायकांच्या हाती बहुधा दातदुखीचा उतारा म्हणूनच आली आणि व्यसन होऊन राहिली. तंबाखूने हिरडी बरी होत नाही, उलट दाताच्या मुळावरून मागे सरते. तरी घरोघरी मशेरी ‘औषध’ म्हणून टिकली, याचे कारण हिरडीच्या दुखण्यासाठी जावे असे दुसरे दार नव्हते. युरोपातही चित्र निराळे नव्हते. तिथेही जत्रांत दात काढले जात आणि न्हावी-शल्यकर्मी ते काम करीत. पॅरिसच्या पिएर फोशार यांनी १७२८ साली दंतवैद्यकावरचा मोठा ग्रंथ लिहिला, तेव्हा या कसबाला प्रथमच शास्त्राचे रूप आले. पण शास्त्र झाले म्हणून ते वैद्यकात सामील झाले असे नाही.

निर्णायक फाटा फुटला तो अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात. १८४० साली होरेस हेडन आणि चॅपिन हॅरिस यांनी तिथे जगातले पहिले स्वतंत्र दंतमहाविद्यालय काढले. मेरीलँड विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेने दंतवैद्यक शिकवायला नकार दिला म्हणून हे वेगळे महाविद्यालय निघाले, अशी कथा दंतवैद्यांच्या जगात अभिमानाने आणि थोड्या दुखावलेपणानेही सांगितली जाते. त्या नकाराचा कागदोपत्री पुरावा इतिहासकारांना मिळालेला नाही, म्हणून कथा बाजूला ठेवू. परिणाम मात्र निर्विवाद आहे. वेगळी पदवी आली, वेगळे नियतकालिक आले, वेगळी संघटना आली; ब्रिटनमध्ये १८७८ साली दंतवैद्यांसाठी वेगळा कायदा झाला. यातून दंतवैद्यकाची अफाट प्रगती झाली हे कबूल केलेच पाहिजे. भूल देण्याच्या इतिहासाचा एक धागा तर थेट दंतवैद्याच्या खुर्चीतून निघतो. ११ डिसेंबर १८४४ रोजी हार्टफर्ड इथे होरेस वेल्स यांनी स्वतः नायट्रस ऑक्साइड हुंगून आपला दात काढून घेतला, आणि तो काढणारे होते जॉन रिग्ज. याच रिग्ज यांचे नाव पुढे हिरड्यांच्या आजाराला लाभले. अमेरिकेत पायोरियाला बराच काळ ‘रिग्जचा आजार’ म्हणत.

रिग्ज यांचे काम समजून घेणे महत्त्वाचे आहे, कारण त्यांचे यश आणि त्यांची मर्यादा एकाच गोष्टीत आहे. १८७६ साली त्यांनी लिहिलेल्या निबंधाचा आशय असा की हिरड्या पिकतात, हाड झिजते आणि दात हलतो, या सगळ्याचे मूळ दातावर जमणाऱ्या किटणात आहे. हिरडीखाली अवजार घालून ते किटण खरवडून काढा, आजार थांबेल. त्या काळी हलता दात उपटण्यापलीकडे उपाय नसताना हे सांगणे धाडसाचे होते, आणि त्यांच्या हातून शेकडो दात वाचले असतील यात मला शंका वाटत नाही. पण स्थानिक कारण सापडल्याच्या आनंदात शरीराच्या बाजूचा प्रश्नच मिटला. एकाच्या तोंडात किटणाचा थर असून दात पक्के राहतात आणि दुसऱ्याच्या तोंडात थोड्याशा मळाने हाड खचते, असे का? या प्रश्नाचे उत्तर दातावर मिळत नाही, आणि दातापलीकडे पाहण्याचा परवाना दंतवैद्याकडे नव्हता. जवळपास त्याच काळात, १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला, पॅरिसमध्ये एमिल माजितो हे मधुमेही रुग्णांच्या जबड्याच्या हाडाकडे पाहत होते. दाताभोवतीच्या हाडाची झीज हे मधुमेहाचे लवकर दिसणारे चिन्ह आहे, ते पाहून लघवी तपासावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. माजितो वैद्यकाचे पदवीधर होते. मुखरोग ही वैद्यकाचीच शाखा मानण्याची परंपरा फ्रान्समध्ये होती, त्या परंपरेतले. अमेरिकेत न दिसलेली गोष्ट फ्रान्समध्ये दिसली, याला मी योगायोग मानत नाही.

मग विसाव्या शतकाच्या आरंभी तोंड आणि शरीर यांना जोडण्याचा एक प्रचंड प्रयत्न झाला, आणि तो इतका आततायी निघाला की त्याने पुढच्या पन्नास वर्षांचे नुकसान केले. पाया चांगला होता. बर्लिनमध्ये काम करणारे अमेरिकी दंतवैद्य विलोबी मिलर यांनी रॉबर्ट कॉख यांच्या जंतुशास्त्राचा हात धरून तोंडातल्या जंतूंचा अभ्यास केला आणि १८९१ साली तोंड हे साऱ्या शरीराला संसर्ग पुरवणारे केंद्र असू शकते, असा विचार मांडला. लंडनचे वैद्य विल्यम हंटर यांनी तो उचलला. १९१० साली माँट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानात त्यांनी सडलेल्या मुळांवर सोन्याचे मुकुट आणि पूल चढवणाऱ्या दंतवैद्यांवर कडाडून टीका केली. सोन्याच्या समाधीखाली पू झाकलेला आहे, अशी त्यांची प्रतिमा होती. शिकागोचे फ्रँक बिलिंग्ज आणि त्यांच्या शिष्यांनी यातून पुरा सिद्धान्तच उभा केला: संधिवात, हृदयरोग, मूत्रपिंडाचे विकार, सगळ्यांचे मूळ दातात किंवा टॉन्सिलमध्ये. मग दात उपटण्याची लाट आली. न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या मनोरुग्णालयात अधीक्षक हेन्री कॉटन यांनी वेडेपणा बरा करण्यासाठी रुग्णांचे दात काढले, टॉन्सिल काढले, अगदी आतड्यांचे भागही काढले. त्यात अनेक रुग्ण दगावले. माणसांच्या असहायतेवर शास्त्राच्या नावाने इतका मोठा घाला क्वचितच घातला गेला असेल. १९३८ साली सेसिल आणि अँजेव्हाइन यांनी संधिवाताच्या दोनशे रुग्णांचा आढावा घेऊन दात-टॉन्सिल काढल्याने त्यांना काही लाभ झाल्याचे दिसत नाही असे दाखवले, १९४० साली राइमान आणि हॅव्हन्स यांनी साऱ्या सिद्धान्ताची कठोर छाननी केली, आणि लाट ओसरली.

ओसरताना तिने एक संकोच मागे ठेवला. तोंडातल्या आजाराचा शरीराशी संबंध आहे असे म्हणणे म्हणजे पुन्हा त्या दात उपटणाऱ्यांच्या पंगतीला बसणे, असे पुढच्या पिढीतल्या जबाबदार दंतवैद्यांना वाटू लागले, आणि ते समजण्यासारखे होते. दुर्दैवाने हा संकोच नेमका त्या काळात आला जेव्हा मधुमेहाचे रूप बदलत होते. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचले गेले, आणि त्यानंतर मधुमेही माणसे महिनोन्‌महिने नव्हे, दशकानुदशके जगू लागली. इतके जगल्यावरच डोळ्यांच्या पडद्याची, मूत्रपिंडाची, पायाच्या मज्जातंतूंची हानी ठळक झाली आणि ती वैद्यांनी आपल्या वहीत नोंदवली. हिरड्यांची हानीही तशीच सावकाश होणारी, वर्षानुवर्षे साचणारी होती. पण ती ज्यांना दिसत होती त्यांच्याकडे साखरेचा आकडा नव्हता आणि ज्यांच्याकडे आकडा होता ते तोंडात पाहत नव्हते. १९६० साली विल्यम्स आणि मेहन यांनी मधुमेही तरुणांच्या हिरड्यांवर पुरेपूर उपचार केले, तेव्हा नऊपैकी सात जणांची इन्सुलिनची गरज लक्षणीय कमी झाली. हा निबंध आडबाजूच्या नियतकालिकात दडलेला नव्हता. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या मुखपत्रात तो छापला गेला होता. तरीही त्यावर पुढची तीस वर्षे फारसे काही उभे राहिले नाही.

त्या वर्षांत दंतवैद्यकाचे लक्ष दुसरीकडे होते, आणि त्या कथेत मुंबईचाही वाटा आहे. भारतात पायोरिया इतका का, हा प्रश्न तेव्हा जगभरच्या संशोधकांना पडला होता. जॉन ग्रीन यांनी भारतातल्या मुलांची तुलना अमेरिकेतल्या अटलांटाच्या मुलांशी करून १९६० साली निष्कर्ष छापले. पुढच्याच वर्षी सिगुर्ड रामफ्योर्ड यांनी मुंबईतल्या अकरा ते सतरा वर्षांच्या मुलांच्या हिरड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या प्रकारच्या पाहण्यांतून एकच सूर निघाला: वय आणि तोंडाची अस्वच्छता एवढी दोन कारणे धरली की देशादेशांतला बहुतेक फरक उलगडतो. १९६५ साली डेन्मार्कमधल्या ऑर्हुस इथे हाराल्ड ल्यो यांनीच त्यावर कळस चढवला. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांनी दात घासणे बंद केले, तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, पुन्हा घासायला लागताच त्या पूर्ववत झाल्या. दातावरचा जंतूंचा थर हेच कारण, हे इतक्या स्वच्छपणे सिद्ध झाले की बाकीचे प्रश्न गौण वाटू लागले. हे निष्कर्ष चुकीचे नव्हते. भारतीय शाळकरी मुलांच्या बाबतीत तर ते अगदी योग्य होते, कारण त्या वयात मधुमेह जवळपास नव्हताच. चूक झाली ती मुलांच्या हिरड्यांवरून मिळालेले उत्तर प्रौढांच्या हिरड्यांनाही पुरेल असे मानण्यात. ज्या ल्यो यांनी १९६५ मध्ये जंतूंच्या थराचा सिद्धान्त पक्का केला, त्यांनीच १९९३ मध्ये मधुमेहाची सहावी गुंतागुंत पुढे आणली. पुराव्यापुढे आपलीच चौकट रुंद करण्याचे हे उदाहरण मला आदराचे वाटते.

भारतात हा दुरावा उसना आला, आणि आपण तो कायद्याने पक्का केला. डॉ. रफिउद्दीन अहमद अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातून दंतवैद्यक शिकून आले आणि १९२० साली त्यांनी कलकत्त्यात देशातले पहिले दंतमहाविद्यालय काढले. पैसा उभा करायला त्यांनी आइस्क्रीम पार्लर चालवले, त्याच्या उत्पन्नावर महाविद्यालय तगले. मुंबईत १९३३ साली नायर रुग्णालयाचे दंतमहाविद्यालय सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा दंतवैद्य कायदा आला. त्यात पदवीधरांसाठी ‘अ’ यादी होती. शिक्षण न घेता निदान पाच वर्षे हाच व्यवसाय करून पोट भरणाऱ्यांसाठी ‘ब’ यादी होती. त्यामुळे मुंबई-कलकत्त्यातले चिनी दंतकारागीर आणि परंपरेने दात बसवणारे असे अनेक जण कायद्याच्या छत्राखाली येऊ शकले. हा उदार निर्णय होता. पण त्याच कायद्याने वैद्यक परिषद आणि दंतवैद्यक परिषद या दोन वेगळ्या चुली कायम झाल्या. मधुमेह ज्या देशात झपाट्याने वाढणार होता, त्या देशात तोंडाचा डॉक्टर आणि शरीराचा डॉक्टर पहिल्या वर्षापासून वेगळ्या इमारतीत शिकू लागला. विम्यानेही हीच रेघ गडद केली. अमेरिकेत १९६५ साली वृद्धांसाठी मेडिकेअर योजना आली, तिच्यातून दातांचे नेहमीचे उपचार वगळले गेले. ब्रिटनमध्ये १९४८ ची राष्ट्रीय आरोग्यसेवा दातांसह सुरू झाली खरी, पण तीन वर्षांत कवळ्यांवर आकार बसवायचे ठरले आणि त्या वादात अन्युरिन बेव्हन यांनी मंत्रिपद सोडले. पैशांची तंगी आली की पहिल्यांदा तोंड शरीराबाहेर काढले जाते, असे या दोन्ही देशांनी दाखवले.

मग तुटलेला धागा जुळला कुठे? अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात, गिला नदीकाठच्या पिमा लोकांत. स्वतःला ते आकिमेल ओ’ओधाम म्हणवतात. पिढ्यान्‌पिढ्या कालव्यांवर शेती करणारा हा समाज. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वरच्या अंगाला वसलेल्या गोऱ्या शेतकऱ्यांनी नदीचे पाणी वळवले, शेती मोडली, दुष्काळ पडला, आणि सरकारी शिध्यातले मैदा, साखर, चरबी हे त्यांचे अन्न झाले. पाण्यावरचा हक्क कायद्याने परत मिळायला २००४ साल उजाडावे लागले. १९६३ साली संशोधक तिथे गेले ते संधिवाताची पाहणी करायला. आढळला तो जगात तोवर कुठेच न नोंदलेला मधुमेहाचा प्रादुर्भाव. १९६५ पासून तिथे दर दोन वर्षांनी लोकांची तपासणी होऊ लागली आणि १९८० च्या दशकात त्याच माणसांचे दात, हिरड्या, जबड्याचे हाड यांचीही नोंद ठेवली जाऊ लागली. एकच माणूस, एकच वही, त्यात साखर आणि हिरडी दोन्ही. पंधरा वर्षांवरील २,२७३ जणांच्या अभ्यासात मधुमेहींना हिरड्यांचा गंभीर आजार नव्याने होण्याचे प्रमाण २.६ पट निघाले (१९९०). पुढच्या वर्षीच्या अभ्यासात वय, लिंग, स्वच्छता यांचा हिशेब धरूनही मधुमेहींत हाड झिजण्याचा धोका तिपटीहून जास्त दिसला. मग उलट दिशेचा पुरावा आला. ज्यांच्या हिरड्या आधीच फार बिघडलेल्या होत्या, त्यांची साखर पुढच्या वर्षांत अधिक ढासळली (१९९६). आणि २००५ साली ६२८ मधुमेहींच्या दीर्घ पाठपुराव्यातून दिसले की ज्यांच्या हिरड्या तीव्र रोगट होत्या त्यांना हृदयविकाराने किंवा मूत्रपिंडे निकामी होऊन मृत्यू येण्याचा धोका ३.२ पट होता. पाणी हिरावून घेतलेल्या समाजाच्या दुखण्यातून जगाला हे ज्ञान मिळाले. ते ऋण या विषयावरच्या प्रत्येक लेखात नोंदले जावे असे मला तीव्रतेने वाटते.

यावर पहिला आक्षेप असा की दोन्ही रोगांचे मूळ तिसरेच असेल: गरिबी, तंबाखू, उतारवय, स्वतःकडे दुर्लक्ष. जो दात घासत नाही तो साखरही सांभाळत नाही, मग संबंध कसला? आक्षेप वजनदार आहे आणि काही अंशी खराही आहे. पण एवढ्याने पुरावा उडत नाही. पिमांच्या अभ्यासात यांतले वय आणि स्वच्छता हे घटक हिशेबात धरल्यावरही फरक उरला. शिवाय आता आतली यंत्रणाही पुष्कळशी उलगडली आहे. रक्तात साखर वाढलेली राहिली की ती प्रथिनांना चिकटून बसते, त्यातून तयार होणारी संयुगे हिरडीच्या ऊतींत साचतात, दाह पेटता ठेवतात. जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात, कोलॅजन नीट बनत नाही, हाड भरून येत नाही. दुसऱ्या बाजूने, दात आणि हिरडी यांमधल्या खोल फटीत जंतूंशी चाललेल्या झटापटीतून दाहकारक रेणू रक्तात उतरत राहतात आणि ते इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतात. जंतुसंसर्ग झाला की मधुमेह बळावतो हे वैद्यांना जुनेच ठाऊक होते. पायाचे गळू किंवा फुप्फुसाचा दाह झाला तर ते इन्सुलिन वाढवत. तोंडातला पू मात्र संसर्गाच्या खात्यात धरला जात नव्हता.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. संबंध असेल, पण हिरड्यांवर उपचार करून साखर खरोखर उतरते का? २०१३ साली अमेरिकेत ५१४ रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीत सहा महिन्यांनंतर काहीच फरक आढळला नाही, आणि पुष्कळांनी विषय मिटला असे मानले. त्या चाचणीवर आक्षेप असा की उपचारानंतरही रुग्णांच्या तोंडात मळ आणि रक्तस्राव बराच शिल्लक होता. म्हणजे जो उपचार तपासायचा तो पुरता झालाच नव्हता. २०१८ साली लंडनमध्ये २६४ रुग्णांवर वर्षभर कसून उपचार करण्यात आले, तेव्हा एचबीए१सी हा गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा आकडा तुलनेच्या गटापेक्षा ०.६ टक्क्याने कमी राहिला. २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यात ३५ अभ्यास एकत्र केल्यावर तीन-चार महिन्यांना ०.४३, सहा महिन्यांना ०.३० आणि वर्षाला ०.५० टक्के घट दिसली. हा चमत्कार नव्हे. गोळी किंवा इन्सुलिन सोडून दात साफ करून घ्यावेत असे कोणी म्हणत असेल तर ती ट्रेंटनच्याच वाटेची सुरुवात ठरेल. पण दुसरे औषध जोडून जेवढा फायदा मिळवायचा, त्याच्या जवळपास जाणारी ही घट आहे, आणि तिच्याबरोबर वाचलेले दातही मिळतात. ज्याला चावता येत नाही तो भाकरी, उसळ, कोशिंबीर सोडून मऊ भात, पाव, बिस्किटांवर येतो. मधुमेह्याच्या ताटासाठी याहून वाईट बदल नाही.

तिसरा आक्षेप माझ्या मूळ म्हणण्यावरच आहे. व्यवसायांच्या दुराव्याला दोष कशाला, खरी अडचण मोजमापाची होती, असे म्हणता येईल. एचबीए१सीची वाट तेहरानमध्ये सॅम्युएल रहबर यांच्या कामातून १९६० च्या दशकाच्या अखेरीस सापडली. दात आणि हिरडी यांमधल्या फटीची खोली मोजून नोंदण्याच्या पद्धतीही दुसऱ्या महायुद्धानंतरच एकसारख्या झाल्या. हे खरे आहे, आणि माजितो यांचे निरीक्षण पक्के न होण्याचे ते एक कारण असेलही. पण विल्यम्स आणि मेहन यांनी मोजले ते इन्सुलिनचे युनिट, त्यासाठी कोणत्याही नव्या यंत्राची वाट पाहावी लागली नव्हती. आणि मोजमापे हाताशी आल्यानंतरही उत्तर कुठल्या मोठ्या दंतमहाविद्यालयातून किंवा मधुमेहाच्या नामांकित रुग्णालयातून आले नाही. ते आले जिथे दोन्ही परीक्षा एकाच माणसावर, एकाच यादीत झाल्या तिथून. स्वतंत्र व्यवसायाने दंतवैद्यकाला कौशल्य दिले, हे मी वर मान्य केलेच आहे. कौशल्य वेगळे ठेवून नोंद एकत्र ठेवता येते, एवढेच गिला नदीकाठच्या कामातून दिसते.

अलीकडे दोन्ही बाजूंनी हात पुढे आले आहेत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या हिरडीरोगाच्या नव्या जागतिक वर्गीकरणात मधुमेही रुग्णाचा एचबीए१सी ७ टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर त्याचा रोग सर्वाधिक वेगाने वाढणाऱ्या ‘क’ श्रेणीत धरला जातो. म्हणजे हा आकडा विचारल्याशिवाय दंतवैद्याचे निदान पुरे होत नाही. आपल्या देशात मात्र मधुमेहाचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून एका वाटेने आणि मुखआरोग्याचा २०१४ पासून दुसऱ्या वाटेने चालला आहे. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत. एक जागा मात्र अशी आहे जिथे या दोन वाटा आधीच एकमेकींना भेटतात. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची गावपातळीवर जी तपासणी होते, तिच्यात बोट टोचून साखर पाहतात आणि मुखकर्करोगासाठी तोंडही उघडून पाहतात. तंबाखू-मशेरीच्या महाराष्ट्रात हे तोंड पाहणे अत्यावश्यकच आहे. पण पाहणाऱ्याचा सारा रोख न भरलेल्या व्रणावर, पांढऱ्या-लाल चट्ट्यांवर असतो. सुजलेली हिरडी समोर असूनही तिच्याकडे लक्ष जायचे कारण नसते. हिरडीतून रक्त येते का आणि दात हलतो का, हे दोन प्रश्न आशाताईंच्या कागदावर वाढवायला नवे यंत्र लागत नाही, नवा विभागही लागत नाही. उत्तर ‘हो’ आले तर साखर तपासण्याची सोय त्याच टेबलावर आहे, आणि साखर जास्त निघाली तर तालुक्याच्या दंतवैद्यासाठी चिठ्ठी तिथेच लिहिता येते.